खुर्द्याची मोजदाद : पानिपतावरची पुस्तकं कशी वाचावीत

‘दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.’ जानेवारी 1761 च्या अखेरीस, पानिपतची बातमी दक्षिणेकडे येत असताना नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेल्या सावकारी पत्रातला हा मजकूर. मोत्ये म्हणजे सेनापती सदाशिवरावभाऊ आणि नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. युद्धावरची बहुतेक पुस्तकं याच हिशेबानं लिहिलेली असतात. मोत्यांना प्रकरणं, मोहरांना परिच्छेद आणि खुर्द्याला शेवटच्या पानावर एक गोल आकडा.

खाली दिलेली वाचनाची पद्धत त्या खुर्द्यापर्यंत पोचण्यासाठी आहे. युद्ध का झालं, कसं लढलं गेलं आणि माणसांचं काय झालं, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळ्या कागदांतून सोडवावे लागतात. एकच पुस्तक तिन्हींची उत्तरं देत असेल, तर त्यातल्या एखाद्या उत्तरात तरी लेखकानं वेळ मारून नेलेली असते. उदाहरण पानिपतचं घेतलं आहे, कारण पत्रं, बखरी, शत्रुपक्षातल्या माणसाचा वृत्तांत, सुटून आलेल्याची आठवण आणि त्यावरची भांडणं हे सगळं मराठी वाचकाला छापील मिळतं. रोज तासभर दिला तर तीन-चार महिन्यांचं काम आहे.

बसण्यापूर्वी

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक उघड्या जोडपानावर पाच रकाने आखा : काय घडलं, तारीख, कोण सांगतो, तो तेव्हा कुठे होता, किती वर्षांनी लिहितो. शेवटचे दोन रकाने भरायचा कंटाळा येतो, आणि सगळा फायदा त्या दोनांतच आहे. संगणकावर तक्ता केला तरी चालेल, पण मोडीतून उतरवलेली नावं टंकताना बदलतात. एकच माणूस तीन ठिकाणी तीन माणसं होऊन बसतो. म्हणून वहीच्या मागच्या पानावर नावांची यादी ठेवा आणि टोपणनाव, हुद्दा, घराणं एकापुढे एक लिहा. ‘भाऊ’, ‘भाऊसाहेब’, ‘सदाशिव चिमणाजी’ आणि ‘श्रीमंत’ हे कधी एकच, कधी वेगळे. ‘श्रीमंत’ पुण्यातल्या पत्रात एक आणि छावणीतल्या पत्रात दुसरे असू शकतात.

दुसरी गोष्ट नकाशा. दिल्लीपासून कुरुक्षेत्रापर्यंतचा पट्टा मोठ्या आकारात छापून घ्या आणि त्यावर सहा ठिकाणं ठळक करा : दिल्ली, बुराडी घाट, बागपत, पानिपत, कर्नाल, कुंजपुरा. यमुनेनं तेव्हापासून पात्र बदललं आहे. म्हणून आजच्या नदीवर पेन्सिलीनं ‘अंदाजे’ असं लिहून ठेवा, नाहीतर पुढे अंतरं मोजताना चुकाल.

क्रम

सुरुवात कादंबरीनं करू नका. कादंबरी वाईट असते म्हणून नव्हे, ती फार चांगली असते म्हणून. एकदा भाऊचा चेहरा डोक्यात बसला की पुढचं प्रत्येक पत्र त्या चेहऱ्याच्या तोंडून ऐकू येतं. ती शेवटी वाचा, मग लेखकानं कुठे कागद धरला आणि कुठे सोडला हे कळून दुप्पट मजा येते.

पहिलं पुस्तक त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : 1761’ घ्यावं. इंग्रजीत ते 1946 साली आलं, मराठीत 1961 मध्ये, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. पहिल्या फेरीत फक्त घटनांची साखळी उचला. लेखकाचे निवाडे वाचा, पण वहीत उतरवू नका.

दुसऱ्या फेरीत पत्रं. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा. त्यात 1750 ते 1761 ची पत्रं आहेत आणि आधी एक लांबलचक प्रस्तावना आहे. ती प्रस्तावना खिळवून ठेवते, आणि वाचकाची फजिती तिथेच होते. राजवाडे दोष कोणाचा ते ठासून सांगतात, आणि मग पत्रं वाचताना आपण आरोपपत्राला पुरावे गोळा करू लागतो. तिला बोटही न लावता आधी पत्रं वाचा. पेशव्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेले यांच्यावर रसद न पोचवल्याचा ठपका तिथे आहे. पत्रांतून त्यांच्या अडचणी, वय, दुआबातली, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातली, शत्रूची फौज हे दिसल्यावर ठपका कितपत टिकतो ते स्वतः ठरवा. नंतर प्रस्तावना वाचली की राजवाडे कुठे वकील झाले ते लख्ख दिसतं.

गो. स. सरदेसायांनी 1930 ते 34 दरम्यान काढलेल्या पेशवे दफ्तराच्या, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतल्या निवडक कागदांच्या, 45 खंडांपैकी दुसरा, एकविसावा आणि सत्ताविसावा या कामाचे. सगळे वाचायला जाऊ नका. माणूस विसाव्या पानावर वही मिटतो.

तिसऱ्या फेरीत प्रत्यक्ष हजर असलेले दोघं. एक नाना फडणीस : तेव्हा एकोणीसही पुरे नव्हते, आई आणि बायकोला घेऊन फौजेबरोबर तीर्थयात्रेला निघालेले. त्यांचं आत्मवृत्त इतकं छोटं आहे की एका बैठकीत संपतं. दुसरे काशीराज पंडित : दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी अवधचा नवाब शुजाउद्दौला याची, म्हणजे लढाईच्या दिवशी मराठ्यांचा शत्रू, अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली याच्या बाजूला. त्यांनी सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिलं आणि जेम्स ब्राउननं अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं इंग्रजी केलं.

बखरी चौथ्या. ‘भाऊसाहेबांची बखर’ मराठी गद्याचा दागिना आहे. ती भाषेसाठी मोठ्यानं वाचावी. लोक काय झालं असं मानत होते हे तिच्यातून जितकं कळतं, तितकं काय झालं ते कळत नाही. बखरीतला ‘लाख’ हा बऱ्याचदा आकडा नसतोच, विशेषण असतं.

यानंतर शेजवलकर पुन्हा, या वेळी निवाड्यांसकट, आणि शेजारी जदुनाथ सरकारांचा मुघल साम्राज्याच्या पडझडीवरचा दुसरा खंड. दोघं कुठे भांडतात तिथे खूण करा. भांडणाच्या जागी बहुधा पुरावा एकच असतो आणि अर्थ दोन.

मिळवायचं कुठे? राजवाडे 1926 साली वारले, सरदेसाई 1959, शेजवलकर 1963. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे त्यांची स्वतःची मूळ पुस्तकं आता खुली आहेत आणि जुन्या आवृत्त्यांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर सापडतात. स्कॅन उतरवल्यावर पहिल्यांदा पानांचे क्रम तपासा. मधली पानं गळलेली, घडीचा नकाशा अर्धाच आलेला, हे नेहमीचं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात छापील खंड पाहता येतात.

तारखांचा घोळ आधी मिटवा

पत्रावर इसवी सन नसतो. ‘छ’ लिहून पुढे आकडा आणि मुसलमानी महिना येतो. तो चंद्राचा दिवस. चंद्रदर्शन शुद्ध द्वितीयेच्या सुमाराला होतं, म्हणून पंधरवड्याच्या सुरुवातीच्या चंद्रात एक-दोन मिळवले की शुद्ध तिथीच्या जवळ पोचता. शिवाय हा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे एका दिवसाचा फरक आला तर घाबरू नका.

वर्षासाठी शुहूर सन शब्दांत असतो. पानिपतच्या मोसमाचा ‘इहिदे सितैन मया व अलफ’. उलगडा करा : इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000, बेरीज 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं. पत्र मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं असेल तर 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं असेल तर 600. म्हणजे ऑक्टोबरातलं कुंजपुऱ्याचं पत्र 1760 चं आणि पौषातलं 1761 चं, दोन्हींवर सन एकच.

शकाला हीच गंमत. लढाई शके 1682, पौष शुद्ध अष्टमी, बुधवारची. पाठ केल्याप्रमाणे 78 मिळवले तर 1760 येतं आणि लढाई आख्खं वर्ष आधी होऊन बसते. जानेवारी उजाडला की 79 मिळवायचे. ही चूक छापील लेखांतही सापडते.

आता संक्रांत. ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ हे आपण 14 जानेवारीमुळे बोलतो. पण मकरसंक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. अठराव्या शतकात ती 10 जानेवारीच्या आसपास पडायची. मराठ्यांचे उत्तरेतले सरदार दत्ताजी शिंदे अब्दालीशी लढताना बुराडी घाटावर पडले ती 10 जानेवारी 1760, ती संक्रांत होती. मराठी स्मरणात दोन जानेवारी एकमेकांत मिसळल्या आहेत. वहीत असं काही सापडलं की लाल शाईनं लिहा, कारण पुढे बखरीतला एखादा प्रसंग चुकीच्या जानेवारीला चिकटलेला दिसतो तेव्हा ही नोंद कामाला येते.

छापील पत्राच्या वर किंवा खाली पैवस्तीची नोंद असेल तर तीही घ्या. पैवस्ती म्हणजे पत्र पोचल्याची तारीख. लिहिल्याची आणि पोचल्याची यांत कधी आठवडे जातात. ‘नानासाहेबांनी वेळेवर मदत का धाडली नाही’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन तारखांच्या मधल्या जागेत असतं. पुण्यातला माणूस त्या दिवशी काय जाणत होता हे आधी काढा, मग त्याला दोष द्या.

कारणं : तारीख लावून वाचा

कारणांच्या प्रकरणात पुस्तकं सगळ्यात जास्त घसरतात. कारण शेवट माहीत असतो आणि त्याच्यापर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह होतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक कारणापुढे तारीख घाला आणि विचारा, ‘या दिवशी हे थांबवता आलं असतं का? कोणाला?’

1752 : बादशहाच्या वतीनं झालेला करार. मराठ्यांनी दिल्लीचं अब्दालीपासून रक्षण करायचं, त्याबदल्यात पैसा आणि चौथाईचे हक्क. इथे जबाबदारी गळ्यात पडली. 1757 : अब्दाली दिल्लीत, मथुरा-वृंदावनात कत्तल. 1758 : रघुनाथराव लाहोरात. अटकेपार झेंडे हा अभिमानाचा भाग झाला. पण वहीत त्याच्याखाली खर्च लिहा, कारण त्या मोहिमेनं तिजोरीत भर घातली नाही, कर्ज वाढवलं. जानेवारी 1760 : दत्ताजींचा मृत्यू. त्यानंतर उत्तरेत फौज न धाडणं पुण्याला जवळपास अशक्य झालं. उदगीरला निजामाचा पराभव करून मोकळे झालेले भाऊ मार्चमध्ये परतूरहून निघाले.

अशा चार-पाच पायऱ्या मांडल्या की दिसतं, 1752 ला थांबायला भरपूर जागा होती, 1758 ला थोडी, 1760 च्या वसंतात जवळजवळ नाही. ‘भाऊंचा हट्ट’ हे एकच कारण देणारं पुस्तक फक्त शेवटची पायरी बघतं. ‘नजीबखानाचं (अब्दालीला साथ देणाऱ्या रोहिला सरदाराचं) कारस्थान’ म्हणणारं पुस्तक बाकीच्यांना बाहुली करतं. आणि ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ एवढंच सांगणाऱ्या पुस्तकासमोर इब्राहिमखान गारदी आणि त्याचा तोफखाना ठेवावा, तो कोणत्या बाजूला लढला ते विचारावं आणि पान उलटावं. उलट बाजूनं, धर्माचा वापर झालाच नाही म्हणणाऱ्यानं नजीबनं शुजाला कसं वळवलं ते वाचावं.

एक वाक्य जवळून

काशीराजांच्या वृत्तांतात भाऊंची एक चिठ्ठी आहे, लढाईच्या आदल्या रात्रीची. आशय असा : प्याला काठोकाठ भरला आहे, आता एक थेंबही मावणार नाही. काही करता येत असेल तर करा.

मराठी पुस्तकांत हे वाक्य अवतरणचिन्हांत येतं आणि वाचणारा समजतो, हे भाऊंचे शब्द. आता प्रवास मोजा. एका मराठी माणसानं दुसऱ्या मराठी माणसाला निरोप धाडला. दुसऱ्यानं तो वीस वर्षांनी फारसीत मांडला. इंग्रज अधिकाऱ्यानं फारसीचं इंग्रजी केलं. मराठी लेखकानं त्या इंग्रजीवरून पुन्हा मराठी केलं. आपण वाचतो तो प्याला तीन भाषांतून फिरून घरी आलेला आहे. आशय धरायला हरकत नाही, कारण चिठ्ठी ज्याच्या हाती पडली तोच सांगतो आहे. शब्दांवर मात्र काही उभारू नका. ‘प्याला’ या शब्दावरून भाऊंच्या मनःस्थितीचं विश्लेषण करणारा लेखक खरं तर अनुवादकाच्या मनःस्थितीचं विश्लेषण करतो.

सुरुवातीच्या मोत्यांच्या वाक्यालाही हीच कसोटी लावा. ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासात त्याचं इंग्रजी रूप आहे, आणि मराठीत तीन पुस्तकं उघडली तर तीन पाठ मिळतात : कुठे ‘हरपल्या’, कुठे ‘गेल्या’, कुठे ‘मोहोरा’. वहीत पाठ जसाच्या तसा उतरवा आणि समोर कोणत्या पुस्तकातला ते लिहा.

लढाई : आधी दिशा, मग पोट, शेवटी तलवार

दिशा सगळ्यांची चुकते. मराठे दक्षिणेतून आले, म्हणून ते उत्तरेकडे तोंड करून लढले असं आपण धरतो. प्रत्यक्षात उलट. 17 ऑक्टोबरला कुंजपुरा घेऊन फौज उत्तरेत असताना अब्दालीनं 25-26 ऑक्टोबरला बागपतला यमुना ओलांडली. बागपत पानिपतच्या दक्षिणेला, म्हणजे तो भाऊ आणि दिल्लीच्या मधे येऊन बसला. मराठ्यांची पाठ पंजाबाकडे, तोंड दिल्लीकडे. नकाशावर दोन बाण काढा. पत्रांतली ‘पुढे’, ‘मागे’, ‘डावीकडे’ ही सगळी वर्णनं मग जागेवर येतात.

मग पोटाचं गणित. हे स्वतः करा, कोणत्याही पुस्तकावर सोडू नका. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा, लादणीच्या बैलावर साधारण शंभर किलो. छावणीत एक लाख माणूस असेल तर रोज 50 टन, म्हणजे 500 बैल. धान्य तीन दिवसांच्या वाटेवरून येत असेल तर जाऊन येऊन सहा दिवस, म्हणजे नुसत्या माणसांसाठी 3000 बैल सतत रस्त्यावर हवेत. घोडे 40 हजार धरले आणि घोड्यास चार किलो दाणा, तर आणखी 160 टन, वैरण वेगळीच. म्हणजे घोडी माणसांच्या तिप्पट खातात. वेढ्यात आधी घोडं का मरतं आणि घोडेस्वारांची फौज पायदळ का होते, ते या दोन ओळींत आहे. गनिमी काव्यानं का लढले नाहीत, हा आवडता प्रश्न विचारताना हेही मोजा : पळायला घोड्यात जीव हवा, आणि सोबत बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकापोरं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून 14 जानेवारीपर्यंत सुमारे 75 दिवस. डिसेंबरच्या नोंदी तारखेनं लावा. 7 तारखेला भाऊंचे सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले, त्याच महिन्यात गोविंदपंत मारले गेले आणि दुआबातून येणारी रसद आटली. ज्या पुस्तकात नोव्हेंबर-डिसेंबर दोन पानांत आणि 14 जानेवारी चाळीस पानांत आहे, ते पुस्तक निकाल कुठे लागला ते चुकीच्या जागी शोधतं आहे.

प्रत्यक्ष दिवसासाठी अर्ध्या-अर्ध्या पानाच्या तीन चौकटी पुरतात : सकाळ, दुपार, दिवस कलता. सकाळी गारद्यांनी (मराठ्यांकडच्या इब्राहिमखानाच्या बंदूकधारी पायदळानं) अब्दालीकडच्या रोहिल्यांना मागे रेटलं, मध्यावर हुजरातीचा, म्हणजे पेशव्यांच्या खाशा फौजेचा, जोर चालला. दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले, अब्दालीनं राखीव फौज घातली, आणि गोल, म्हणजे मराठ्यांची बांधीव रचना, फुटला. प्रत्येक नोंदीपुढे सांगणारा कुठे होता ते लिहा. काशीराज शुजाच्या पथकात होते आणि त्या पथकानं फारसं युद्ध केलंच नाही. म्हणजे मधल्या फळीची त्यांची हकिकत बाजूनं पाहिलेली आणि नंतर विचारून घेतलेली आहे. मल्हारराव होळकर कधी निघाले, कोणाच्या सांगण्यावरून, यावर अजून भांडणं आहेत. त्या चौकटीत दोन्ही बाजू लिहून मोकळी जागा सोडा. रिकामी चौकट ठेवायला शिकणं हे या कामातलं सगळ्यात अवघड.

माणसं

मृतांचा आकडा वाचला की तो कशाचा आहे ते आधी पाहा. पाच वेगळे गट होतात : मैदानात पडलेले, दुसऱ्या दिवशी कापलेले कैदी, परतीच्या वाटेवर थंडीनं-भुकेनं मेलेले, गुलाम म्हणून नेलेल्या बायका-मुलं, आणि ज्यांचं काहीच कळलं नाही असे. पुस्तकं यांची बेरीज-वजाबाकी मनमानी करतात. गुलाम नेलेली बाई एका लेखकाच्या हिशेबात मेलेली असते, दुसऱ्याच्या हिशेबात नसतेच.

काशीराजांच्या आकड्यांवर हात बसवून पाहा. मराठ्यांच्या छावणीत सगळे मिळून पाच लाख जीव होते ‘असं म्हणतात’, असं ते लिहितात. सुमारे 40 हजार जिवंत पकडले गेले, त्यांपैकी सहा-सात हजारांनी शुजाच्या छावणीत आसरा घेतला. आता पाच लाखांना वरचं गणित लावा. रोज 250 टन, 2500 बैलांचा माल, तोही नाकेबंदीत, अडीच महिने. अर्धपोटी धरलं तरी जमत नाही. शिवाय ‘म्हणतात’ हा शब्द त्यांनीच घातला आहे. नकल करणारे लेखक नेमका तोच गाळतात. चाळीस हजार हा मोठ्या मैदानावरचा अंदाज. सहा-सात हजार मात्र त्यांच्या स्वतःच्या छावणीतले, समोर दिसलेले. तीन आकड्यांची भरवशाची पायरी अशी उलटी आहे : सगळ्यात लहान आकडा सगळ्यात पक्का. एकाच माणसाचे, एकाच पानावरचे आकडे असूनही.

‘सव्वा लाख बांगडी फुटली’ या म्हणीला आकडेमोड लावू नका. ती सुतकाची भाषा आहे. मात्र एखादं पुस्तक सव्वा लाख हा आकडा म्हणून छापत असेल, तर त्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही तिरक्या नजरेनं पाहा.

किमतीचा दुसरा भाग 14 जानेवारीनंतर सुरू होतो आणि बहुतेक पुस्तकं तिथेच संपतात. वहीत किमान 1783 पर्यंत पानं सोडा. नानासाहेब 23 जून 1761 ला पर्वतीवर वारले. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर डीगला जखमांनी. महादजी शिंदे जन्मभर लंगडत राहिले. निसटलेल्यांना सुरजमल जाटाच्या मुलखात अन्न-वस्त्र मिळालं, ते वाचताना तो भाऊंना सोडून गेला होता हेही लक्षात ठेवा. नाना फडणीस उघड्या अंगानं पायी पळत आले, बायको सापडली, आई नाही. 1776 मध्ये भाऊंच्या तोतयाला मारलं गेलं. तोतयाचं इतकी वर्षं चाललं, कारण कित्येकांचे मृतदेह ओळखलेच गेले नव्हते आणि घरं वाट बघत होती. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी 1783 मध्ये डोळे मिटेपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही.

या सगळ्या मोत्यांच्या आणि मोहरांच्याच घरच्या गोष्टी. खुर्द्यासाठी वाचन बदलावं लागतं. पेशव्यांच्या रोजनिशीतले गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेले उतारे घ्या आणि ‘बालपरवेशी’ हा शब्द शोधत जा. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांसाठी लावून दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. नोंद रुक्ष असते : कोण, कोणाकडे चाकरीस, कोणत्या कामी पडला, कुटुंबाला काय द्यायचं. इथे एक सावधगिरी. ‘लढाईत ठार’ एवढंच असेल तर ती पानिपतचीच धरू नका. त्या दशकात उदगीर आहे, राक्षसभुवन आहे, कर्नाटकातल्या मोहिमा आहेत. साल, पथक आणि सरदार तिन्ही जुळले तरच पानिपतच्या रकान्यात घाला. आणि ज्यांच्यासाठी कोणी अर्ज केला त्यांचीच नोंद झाली. ओझ्याचा बैल हाकणारा वंजारी, स्वयंपाकी, घोडी सांभाळणारा मोतद्दार, यात्रेला आलेली म्हातारी यांच्यासाठी रोजनिशीत रकानाच नव्हता.

गावात ‘हा पानिपतचा वीर’ म्हणून वीरगळ दाखवतात तेव्हा जरा थांबा. वीरगळांची मोठी परंपरा शिलाहार-यादव काळातली. दगडावरचा पेहराव, शस्त्रं आणि कोरीव काम पाहिल्याशिवाय वहीत घेऊ नका. हरयाणातले रोड मराठा किंवा बलुचिस्तानातले मराठा वंशज यांबद्दल वाचाल. त्यापुढे दोन रकाने करा : लोक स्वतः काय सांगतात, आणि 1761 च्या जवळचा कागद काय सांगतो. दुसरा रकाना रिकामा असला म्हणून पहिला खोडायचा नाही, पण पहिल्यातला मजकूर उचलून दुसऱ्यातही टाकायचा नाही.

हीच वही दुसऱ्या युद्धाला

पद्धत रुळली की पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यावर लावून बघा. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, तैग्रिसच्या काठी, कोंडलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाची, आत मराठा पलटणी. इथेही नदी, नाकेबंदी, घोडी कापून खाणं, आणि लढणाऱ्यांबरोबर अडकलेले हजारो बिनलढाऊ नोकर. पोटाचं गणित जसंच्या तसं लागू पडतं. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणी ढिगानं मिळतात. म्हणून ‘सांगणारा कुठे होता’ या रकान्यात तो मेसमध्ये होता की खंदकात, आणि सुटल्यावर त्याला कैदेत कुठे ठेवलं, हेही लिहा. शरणागतीनंतर अधिकाऱ्यांची आणि शिपायांची वाट वेगळी झाली, आणि शिपायांच्या वाटेवरून लिहून ठेवायला फार थोडे परत आले.

मृतांच्या नोंदी इथे छापील आहेत, राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर पलटण घालून शोधता येतं. शोधताना नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाका, कारण कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर-चिता माहीत नसलेल्या 40 हजारांहून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांची मात्र नावं नाहीत, पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या घातली. नावं वेगळ्या वहीत गेली. स्मारकांमधला हा भेद आयोगानं 2021 साली आपल्याच अहवालात मान्य केला. रुपये आणि खुर्दा यांची गणती तिथे झाली होती, फक्त दगडावर नाही. म्हणून कुतच्या वहीत सहावा रकाना आखा : नाव कुठे सापडलं. दगडावर, नोंदवहीत, घरच्या पत्रात, की कुठेच नाही.